साहेबांची काळी माती

"हे बी उल्हासनगरचं ना? मग उगवेल कसं? डुप्लिकेटच असणार!"

आमचे पर्सोनेल मॅनेजर कुलकर्णी साहेब गेटवरच माझ्यावर ओरडत होते. समोर झेंडूचा लांबलचक वाफा होता आणि त्यात झेंडू सोडून नुसता चिखल. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंबरनाथच्या एका केमिकल फॅक्टरीत मी गार्डन सुपरवायझर होतो, तोही प्रोबेशनवर. नव्या वर्षात चेअरमन यायचे होते. बी मी आणलेलं, म्हणजे दुकानदाराकडून कमिशन मीच खाल्लेलं, असा साहेबांचा हिशेब. नोकरी जाणार आणि वर चोर ठरून जाणार, म्हणून माझी पाचावर धारण बसली.

मी उल्हासनगरला जाऊन दुकानदाराला धरलं. तो सिंधी, हसायलाच लागला.

"साईं, पँट पे लेबल लगा सकता हूँ. बीज के अंदर अंकुर कैसे डालूँ?"

पटलं. तरी त्याच पाकिटातलं बी ओल्या फडक्यात बांधून ठेवलं. जवळजवळ सगळ्याला मोड आले. आमच्यात याला जर्मिनेशन टेस्ट म्हणतात. घरोघरी ती मटकीवर होत असते.

बी निर्दोष सुटलं. उरली माती, आणि माती साहेबांची होती. ते बार्शीकडचे. इथली तांबडी, मुरमाड माती त्यांना माती वाटायचीच नाही. ती उपसून त्यांनी कॅन्टीनमागे टाकायला लावली आणि ट्रकने काळी माती मागवली. काळी माती ज्वारीला उत्तम, पण तिचे कण फार बारीक. पाइपने पाणी मारलं की ती लिंपल्यासारखी बसते. बियालाही श्वास लागतो. आत हवा गेली नाही की ते कुजतं. माती वाळली की वर पापडी धरते, मग वाचलेल्या कोंबालाही डोकं वर काढता येत नाही.

हे साहेबांना सांगायची माझी छाती नव्हती. मी गुपचूप त्यांच्या खिडकीत तीन कुंड्या ठेवल्या. एकीत काळी माती, दुसरीत नुसती रेती, तिसरीत कॅन्टीनमागची तांबडी, शेणखत आणि साहेबांच्या मानाखातर मूठभर काळी.

काळ्या मातीत दोन-चार कोंब कसेबसे आले. रेतीत सगळ्यात आधी उगवलं, पण रेतीत रोपांना खायला काही नसतं, ती पिवळी पडली. तिसरी कुंडी मात्र भरून आली.

साहेबांनी चष्मा पुसून पाहिलं. "यात काय घातलंस?"

"तुमची काळी माती, सर. जरा बेतानं."

"तरी मी सांगत होतो! काळ्या मातीशिवाय काही होत नाही."

"हो सर."

"आणि बी?"

"उल्हासनगरचंच. तेच पाकीट."

यावर साहेबांना अचानक मीटिंग आठवली.

तिसऱ्या कुंडीच्या मिश्रणाने वाफा पुन्हा भरला. चेअरमन आले तेव्हा झेंडू फुललेला होता. साहेबांनी त्यांना काळ्या मातीचं महत्त्व समजावून दिलं आणि मी मागे उभा राहून मान डोलावली. नंतर मी कन्फर्म झालो.

पुढे नोकरीभर ठिकठिकाणची माती तपासली. आधी विचारायचो, माती मागवली कोणी? पीएच नंतर बघायचो.