चक्कीबाईचं नाक

ती दुकानात लागली तेव्हा तिला स्वतःचं नाव होतं. बावीस वर्षं वाळका पाला दळून झाल्यावर ते नाव तिच्या सख्ख्या बहिणीशिवाय कुणाच्या लक्षात राहिलं नाही. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "चक्कीबाई आहेत का?" त्या नसल्या तर म्हणायचं, "मग नंतर येतो." गल्ल्यावर बसलेला मालक अख्खाच्या अख्खा समोर असायचा, पण त्याला कोण विचारतो!

दुकान वाळक्या पाल्याचं होतं. पुदिना, गवती चहा, गुलाबाच्या पाकळ्या, खोकल्याचा पाला आणि एक महाकडू पाला, जो पोटाच्या तक्रारीवर लोक नाक दाबून घ्यायचे. पाला गिऱ्हाइकासमोर, मागेल तेवढाच आणि हातानेच दळायचा, असा मालकाच्या वडिलांपासूनचा नियम. विजेच्या यंत्रात पाला तापतो आणि त्याचा वास उडून जातो, असं ते म्हणायचे. म्हणून दुकानात दोन हातचक्क्या होत्या. मुठीत मावतील एवढ्या, जाड धातूच्या. वरच्या झाकणाला दात, खालच्या वाटीला दात, त्याखाली बारीक जाळी आणि जाळीखाली भुकटी पडायची डबी.

बघणाऱ्याला वाटायचं, यात काय आहे, झाकण फिरवलं की झालं. चक्कीबाई अशा माणसाच्या हातात चक्की द्यायची आणि गंमत बघत बसायची. तो वाटी गच्च भरायचा, मधोमध जिथे दातच नाहीत तिथे पाला कोंबायचा आणि मग झाकण अडलं की दात-ओठ खाऊन जोर लावायचा. "अहो, हळू! आटे खराब झाले तर पाल्यात धातूचा कीस पडेल, आणि तोच पाला तुम्हाला प्यायचाय," असं म्हणून ती चक्की काढून घ्यायची. पाला कडेने, निम्म्या वाटीपर्यंत. तीन वळणं पुढे, एक मागे, आणि शेवटी तळहातावर दोनदा ठोकायचं. चक्की अडली तर जोर करायचा नाही, उघडायची; कुठेतरी चीक धरलेला असतो.

सगळी मेख त्या चिकातच होती. पाले अनेक आणि चक्क्या दोन, म्हणजे धुण्याला पर्याय नाही. दुपारी दुकान बंद झालं की ती दोन्ही चक्क्या पिशवीत घालून घरी न्यायची. घर पाच मिनिटांवर. तिथे त्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या, म्हणजे चीक कडक होतो आणि ताठ ब्रशने खपल्यांसारखा निघतो. जाळीला मात्र मऊ ब्रश, नाहीतर ती फाटते. मग स्पिरिटचा बोळा, मग कोमट पाणी, मग पंख्याखाली खडखडीत वाळवणं, आणि शेवटी मूठभर कोरडे तांदूळ दळून टाकणं. एवढं झाल्यावर चक्की उघडून नाकाशी धरायची. वास आला नाही तर चक्की स्वच्छ. आला, तर जाळीच्या काठाखालची खाच पुन्हा ब्रशने घासायची. कडू पाला नेमका त्या खाचेत दडी मारायचा, आणि तिथला चीक डोळ्यांना कधीच दिसत नसे.

म्हणजे बावीस वर्षं तिथे खरं काम करत होतं ते नाक. मालक म्हणायचा, "चक्कीबाईंनी वास घेतला, विषय संपला." या एका वाक्यावर ती जगत होती म्हटलं तरी चालेल. लग्न ठरलं ठरलं म्हणता राहून गेलं होतं, शिक्षण अर्धवट सुटलं होतं. तिला लोकांनी मान दिला तो फक्त त्या काउंटरपाशी.

आणि चार महिन्यांपूर्वी ते नाक गेलं. घरात दोघी बहिणी, ती आणि आठ वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर तिच्याकडे राहायला आलेली आक्का. दोघींना एकदमच ताप आला. आठवडाभराने उतरला. कामावर जायच्या आधी तिने सवयीने चक्की नाकाशी धरली, वास नव्हता, बरं वाटलं. मग तिने स्पिरिटची बाटली उघडली. त्यालाही वास नव्हता. साबण, चहापत्ती, रॉकेलची जुनी बाटली, घरात जे जे वासाचं होतं ते ते तिने नाकाला लावून बघितलं. डॉक्टर म्हणाले, येईल परत. दोन महिन्यांनी तेच डॉक्टर म्हणाले, कधीकधी येत नाही.

मालकाला सांगायला हवं होतं. तिला ते कळत होतं, आणि रोज सकाळी ती "आज सांगते" म्हणून निघायची. पण सांगितल्यावर मालक काय करणार? चांगला माणूस, काढून टाकणार नाही. मागच्या खोलीत पुड्यांना चिकटपट्टी लावायला बसवेल आणि काउंटरवर दुसरं कुणी उभं राहील. तिला त्या चांगुलपणाचीच धास्ती होती.

म्हणून तिने तोड काढली. घरी आक्का होतीच की! आक्काचे डोळे अधू, गुडघे कामातून गेलेले, सगळा दिवस खिडकीशी बसून जायचा. धुतलेली चक्की तिच्या हातात द्यायची. आक्का डोळे मिटून नाकाशी धरायची, लांब श्वास घ्यायची आणि म्हणायची, "स्वच्छ आहे हो. काय घासतेस गं तू!" चक्कीबाईचा जीव भांड्यात पडायचा. चार महिन्यांत आक्काने एकदाही चक्की परत घासायला लावली नाही, यात तिला काही वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं. पूर्वी तिचं स्वतःचं नाक आठवड्यातून तीनदा तरी परत घासायला लावायचं.

मास्तर तिचे जुने गिऱ्हाईक. निवृत्त, उंच, छत्री काखेत धरून चालणारे. त्यांच्या बायकोला पोटाचं मोठं दुखणं झालं होतं आणि काहीच पोटात ठरत नव्हतं. गुलाबाच्या पाकळ्या आणि पुदिना यांचा काढा तेवढा ती आवडीने प्यायची. मास्तर दर चार दिवसांनी यायचे आणि ताजं दळून न्यायचे.

एक दिवस ते ओशाळून म्हणाले, "बाई, राग मानू नका. ही म्हणते, हल्ली कडू लागतं."

"पाला कडू नाही, मास्तर."

"तेच मी म्हटलं तिला."

"दुखण्यात तोंड कडू होतं. पाण्याची सुद्धा चव लागत नाही माणसाला. थोडा मध घाला."

मास्तरांनी मान डोलावली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला ती जराशी चिडलीच. काउंटरवर आणखी चार गिऱ्हाइकं होती. "बावीस वर्षं हे काम करतेय मी," ती म्हणाली. "खोट पाल्यात नाही, त्यांच्या तोंडात आहे. जरा दटावून पाजा. आजारी माणूस लहान पोरासारखं करतं." चौघं हसली. मास्तरही हसले, आणि पुडी खिशात घालून गेले. त्यानंतर ते तक्रार न करता पुडी न्यायचे, आणि मग एकदम यायचेच थांबले.

ते पुन्हा आले तेव्हा छत्री नव्हती. हातात अर्धी उरलेली पुडी होती, तोंड नीट दुमडलेलं.

"ती गेली," ते मालकाला म्हणाले. "नऊ दिवस झाले. हे उरलं होतं. टाकवत नाही. कुणा गरजूला द्याल का?"

मालक गल्ल्यावरून उठला. त्याने पुडी घेतली आणि धंद्याच्या सवयीने उघडून हुंगली. त्याचा चेहरा बदलला. त्याने पुन्हा हुंगली. मग त्याने चक्कीबाईकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. मास्तर मात्र रस्त्याकडे बघत होते. ते गेल्यावर मालकाने काउंटरवरची चक्की उचलली, बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि उघडून नाकाशी नेली.

"अहो, ही दुपारी धुतलीत ना तुम्ही?"

"हो."

"कडू पाल्याने भरलीय ही. इथून वास येतोय मला. तुम्हाला येत नाही?"

तिने मान हलवली, नाही. मालक डोकं धरून स्टुलावर बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "उद्यापासून आत बसा," तो शेवटी म्हणाला. "लेबलं लावायची आहेत." आणि थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता, "मास्तरांना काही सांगायला जाऊ नका. गेलेलं माणूस परत येत नाही. निदान त्यांना सुखाने राहू द्या."

ती तीच चक्की घेऊन घरी आली. हात धुतले नाहीत, चपला काढल्या नाहीत. खिडकीशी जाऊन तिने चक्की आक्काच्या हातात दिली. पुन्हा न धुतलेली, खाचेत चीक तसाच. आक्काने डोळे मिटले, लांब श्वास घेतला.

"स्वच्छ आहे हो. काय घासतेस गं तू!"

चक्कीबाई खाली फरशीवर बसली. "आक्का, तुझंही गेलंय?"

आक्काने चक्कीचं झाकण लावलं, ते तिरकं बसलं, काढून पुन्हा लावलं. "त्याच तापात," ती म्हणाली.

"मग सांगायचं नाही का मला?"

"काय सांगू? आठ वर्षं तुझ्या घरात बसून खातेय. तू पाणीसुद्धा मला उचलू देत नाहीस. हे एक काम सांगितलंस पहिल्यांदा. वाटलं, तू एवढं घासतेस, स्वच्छच असणार."

तिला आक्कावर ओरडायचं होतं. पण आक्काने जे केलं होतं तेच तिनेही केलं होतं, आणि तेसुद्धा त्याच कारणासाठी. मग ओरडायचं कुणावर? ती तशीच उठली आणि बाहेर पडली.

मास्तरांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढताना तिने मालकाचं बोलणं मनात घोळवून पाहिलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मास्तर आपल्या बायकोला हट्टी समजून पुढचं आयुष्य काढणार, आणि ती बाई खरं बोलत होती हे जगात फक्त दुकानातल्या दोघांना माहीत असणार, हे तिला सहन होईना. मरणाऱ्या बाईला तिने चार गिऱ्हाइकांसमोर खोटं पाडलं होतं. निदान तेवढं तरी परत घ्यावं.

दार मास्तरांनी उघडलं. "या, बाई." आत खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"मास्तर, तुमच्या बाईंचं खरं होतं," ती म्हणाली. "पाला कडूच होता. चक्कीला कडू पाल्याचा चीक होता. मला वास येत नाही चार महिन्यांपासून. मी लपवलं."

मास्तर ऐकत उभे राहिले. रागावले नाहीत. त्यांनी दाराच्या कडीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"तुम्ही म्हणालात, दटावून पाजा," ते म्हणाले.

"हो."

"शेवटचे आठ दिवस ती तोंड उघडायची नाही. मी डाव्या हाताने हनुवटी धरायचो आणि चमचा दातांवर टेकवायचो. माझ्याकडे बघत गिळायची." त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. "चाळीस वर्षांत मी तिच्यावर हात उगारला नव्हता, बाई. मला वाटत होतं, मी तिचं करतोय."

चक्कीबाईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"नका," मास्तर म्हणाले. "तुम्ही आता जा. हे मला आत्तापर्यंत माहीत नव्हतं तेच बरं होतं."

दार त्यांनी हळूच लावलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला, आणि ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर, कठड्याला धरून, खाली उतरायचं विसरून उभी राहिली.