फावल्या वेळातली लेखिका

मराठी मंडळाची स्मरणिका हातात आली तशी मी आधी पणजीचं पान शोधलं. पान नव्हतंच. मलकपेठच्या जुन्या मराठी कुटुंबांवरच्या लेखात, पणजोबांच्या फोटोखाली एवढीच ओळ होती: 'वकीलसाहेबांच्या पत्नीही फावल्या वेळात लिहीत.'

फावल्या वेळात! पाच बाळंतपणं काढलेल्या बाईला फावला वेळ कुठला? आजी सांगायची, तिची आई पहाटे चुलीपाशी बसून लिहायची आणि दूध उतू गेलं की सासूची बोलणी खायची. असं लिहून तिने निजामाच्या राज्यात दोन कादंबऱ्या छापून आणल्या. शिवाय मुलांसाठी गोष्टींचं पुस्तक.

मी तडक अंबरपेठेत मंडळाच्या सेक्रेटरींच्या घरी गेले. वडिलांचे जुने स्नेही ते.

"काका, हे काय छापलंय?"

"अगं, उल्लेख केलाय की."

"तिचं नावसुद्धा नाही! तिचं काही वाचलंयत तुम्ही?"

"नाही बुवा. मिळतंय कुठे?"

"मग फावल्या वेळात लिहिलं, हे कुठून कळलं?"

ते चष्मा पुसत म्हणाले, "महिला दिनाला दहा मिनिटं देतो तुला. तिच्या हातचे काही पदार्थ ठाऊक असतील तर तेही सांग. बायकांना आवडतं."

काकूंनी आणलेला चहा तसाच टाकून मी उठले.

माझी लेक मराठी अक्षरं जुळवत वाचते. तिला मी घरी पणजीच्या त्या गोष्टींच्या पुस्तकातली एक गोष्ट वाचून दाखवली. राजाचं फर्मान बकरी खाऊन टाकते. हुकूम काय होता कुणालाच ठाऊक नाही, तरी दरबारी एकेकाला शिक्षा देत सुटतात. शेवटी बकरीवाल्याची मुलगी म्हणते, "बकरीला विचारा ना, हुकूम तिच्या पोटात आहे!"

लेक सोफ्यावर उठून बसली. "आई, निजामाच्या टायमाला हे छापलं? पकडलं नाही तिला?"

"बाईने पोरांसाठी लिहिलेलं कोण वाचणार होतं?" मी म्हणाले, आणि माझं डोकं आणखीच तापलं.

महिला दिनाला मी गेले आणि मंचावरून तीच गोष्ट वाचली. मध्येच काकांनी वेळ संपल्याची घंटा वाजवली. पुढे बसलेली पोरं ओरडली, "आंटी, रुको नक्को!" मी न थांबता गोष्ट शेवटपर्यंत वाचली.

नंतर बायका भोवती जमल्या. "पुस्तक कुठे मिळेल हो?"

"कुठेच नाही," काकांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले. "ही एकच प्रत उरलीय. कादंबऱ्यांची तर तीही नाही."