चाळीस वेळा केलेला सराव

मास्तरांचा आवाजच असा, की वर्गात त्यांनी ‘गप्प’ म्हटलं की बाहेर गेटवरचा पहारेकरीसुद्धा बोलायचा थांबायचा. बावीस वर्षं बोटीवर बोसन होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ते किनाऱ्यावर आले आणि खलाशांच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकवायला लागले. पोहायचं कसं, आग विझवायची कशी, आणि मुख्य म्हणजे बंद टाकीत पडलेल्या माणसाला बाहेर काढायचं कसं.

हा टाकीचा धडा त्यांचा खास. बोटीच्या पोटात मोठमोठ्या लोखंडी टाक्या असतात. महिनोन्‌महिने बंद राहिल्या की लोखंड गंजतं, आणि तो गंज आतला प्राणवायू खाऊन टाकतो. वास नाही, धूर नाही. माणूस शिडी उतरतो आणि दोन श्वासांत खाली कोसळतो. मग वरचा दोस्त त्याला वाचवायला धावतो आणि तोही आडवा होतो. “एकाच्या मागे दुसरा, मेंढरं मेली!” मास्तर ओरडायचे. “अरे गाढवांनो, आधी हवा घ्या! पाठीवर बाटली, तोंडावर मास्क, मग मैत्री!”

सेंटरच्या मागच्या अंगाला एक लोखंडी खोली केली होती, वरून उतरायची. आत वाळूने भरलेला पुतळा टाकलेला असे. त्याला मास्तरांनी नाव ठेवलं होतं ‘जावईबापू’. का, तर स्वतः हात-पाय हलवायचे नाहीत आणि सगळ्यांनी उचलून घ्यायचं. वर्ग खो खो हसायचा. हे नाव लेकीच्या लग्नाच्याही आधीचं, बरं का. पुढे खराखुरा जावई बढतीसाठी हाच कोर्स करायला आला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने हात वर केला. “सर, एका जावयाने दुसऱ्याला उचललेलं चालेल का?” मास्तरांनी त्याला दटावलं आणि पाठ फिरवून पोटभर हसून घेतलं. गुणी पोरगा होता तो. सासऱ्याला घरी ‘बाबा’ आणि वर्गात ‘सर’ म्हणण्यात एकदाही चुकला नाही.

आता जे सांगायचं ते नीट ऐका, कारण सगळं त्याच्यावरच आहे. बाटलीतली हवा मास्कमध्ये येते ती एका नळीतून. नळीच्या टोकाला मुठीएवढा व्हॉल्व असतो. तो मास्कच्या पुढच्या भोकात दाबून बसवायचा, खटकन आवाज येतो, मग हवा सुरू. बसवला नाही तर बाटली पाठीवर भरलेली असूनही माणूस त्या उघड्या भोकातून बाहेरचीच हवा घेत राहतो.

आणि सेंटरचं हवा भरायचं मशीन बंद पडलं. पार्ट येतोय, पार्ट येतोय करत अकरा महिने गेले. बाटल्या रिकाम्या. रिकाम्या बाटलीला व्हॉल्व जोडला तर पोरगं गुदमरणार. कोर्स थांबवावा, तर प्रिन्सिपॉल कॅप्टनसाहेबांच्या कपाळाला आठ्या. तेव्हा तोड काढली ती मास्तरांनी स्वतः. म्हणाले, सगळं तसंच करा, फक्त व्हॉल्व मास्कला जोडू नका, पट्ट्याच्या हुकाला अडकवा. खरी वेळ आली की जोडायचा, लक्षात ठेवा हं! बोटांवर पाठ करून घेतलं त्यांनी. एक बाटली, दोन पट्टे, तीन मास्क, चार टोपी, पाच हुक. डोळे बांधून, अंधारात, घड्याळ लावून. कॅप्टनसाहेबांनी मीटिंगमध्ये पाठ थोपटली. कोर्स एक दिवसही बंद पडला नाही.

बाकीच्यांनी हे दहा-दहा वेळा केलं. जावयाकडून मास्तरांनी चाळीस वेळा करून घेतलं. घरचा माणूस कच्चा राहिला असं कोणी म्हणायला नको! तोही बिचारा घामाघूम होऊन पुन्हा पुन्हा उतरत राहिला. शेवटी शेवटी त्याचे हात आपोआप चालायचे. एक मिनिट आठ सेकंद. अख्ख्या सेंटरमध्ये तेवढं कोणाला जमलं नव्हतं, आणि मास्तरांनी ते चार जणांना बोलावून सांगितलं होतं.

पाच महिन्यांनी जावई बोटीवरच्या खऱ्या टाकीत गेला. आधी खाली पडला होता त्याचा सोबती. हा धावला नाही, मेंढरासारखा उतरला नाही. शांतपणे वर्दी दिली, बाटली चढवली, मास्क बांधला आणि शिडी उतरला. दोघेही परत आले नाहीत.

चौकशीचा अहवाल आला तेव्हा लेकीने तो मास्तरांच्या हातात दिला. “तुम्हीच वाचा बाबा, मला त्यातलं कळत नाही.” ती दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची, चष्म्याच्या दुकानात काम करायची. टेबलावर चष्म्याच्या रिकाम्या डब्या, कोपऱ्यात जावयाची न उघडलेली बॅग. मास्तरांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. बाटली पूर्ण भरलेली. मास्क घट्ट बसवलेला. व्हॉल्व पट्ट्याच्या हुकाला अडकवलेला आढळला. निष्कर्ष, मृत व्यक्ती घाबरल्यामुळे व्हॉल्व जोडायला विसरली.

मास्तरांनी ती ओळ पुन्हा वाचली. घाबरलेल्या माणसाचा व्हॉल्व लोंबकळत असतो, अहो! तो कशाला नीट हुकाला अडकवेल? पोरगा घाबरला नव्हता. विसरलाही नव्हता. शिकवलं होतं तस्संच, एक ते पाच, न चुकता केलं होतं त्याने.

“काय लिहिलंय?” लेकीने विचारलं.

“घाई झाली, व्हॉल्व जोडायला विसरला म्हणतात,” मास्तर म्हणाले, आणि जिना उतरून गेले. हे शब्द तोंडातून कसे निघाले याची त्यांना नंतर स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी ते कॅप्टनसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. अकरा महिन्यांत शिकून गेलेल्या सगळ्यांना कळवा, म्हणाले, नाहीतर मी कळवतो. साहेबांनी दार लावून घेतलं. “मास्तर, तुमच्यावर आभाळ कोसळलंय. मन थाऱ्यावर नाही. अहवालात सेंटरचा साधा उल्लेख तरी आहे का? मग आपण होऊन गळ्यात धोंडा कशाला बांधून घेता? महिनाभर रजा घ्या. लेकीकडे बघा.”

मास्तरांनी रजा घेतली. तीन आठवडे काही केलं नाही. हो, काही म्हणजे काही नाही! लाज वाटते सांगायला, पण तसंच झालं. सकाळी उठायचे, दाढी करायचे आणि खुर्चीत बसून राहायचे. बोटं मोजायचे, पाचव्याशी थांबायचे. इतरांचा विचार यायचा, पण सगळ्यांत जास्त भीती एकाच गोष्टीची, की इतरांना सांगितलं तर लेकीला कळणार. तीही गेली तर आपलं म्हणायला मागे उरतं कोण?

मग एका दुपारी ते लेकीकडे जेवायला बसले असताना ती स्वतःच बोलली. ताट पुढ्यात तसंच होतं. “बाबा, मेलेल्या माणसाचा राग करता येतो का हो? मला येतो त्याचा राग. तुम्ही इतकं शिकवलंत, आणि हा बावळट एक व्हॉल्व लावायला विसरला? माझी आठवणसुद्धा नाही झाली त्याला? भिंतीवरचा त्याचा फोटो काढून ठेवलाय मी कपाटात. बघवत नाही.”

मास्तरांनी ताट बाजूला सारलं. ते उठले, पुन्हा बसले. आणि मग सगळं सांगितलं. मशीन, रिकाम्या बाटल्या, हुक. बोटांवर मोजून दाखवलं. आवाज इतका बारीक, की लेकीला पुढे वाकावं लागलं.

तिने एक ते पाच स्वतःच्या बोटांवर मोजून बघितलं. मग म्हणाली, “त्याच्याकडून किती वेळा करून घेतलंत?”

दहा म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

“चाळीस,” मास्तर म्हणाले.

लेक उठून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग रडण्याचा. असं रडणं मास्तरांनी अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा ऐकलं नव्हतं. उठून तिच्या पाठीवर हात ठेवायची त्यांची हिंमत झाली नाही. ती बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. वडिलांकडे तिने बघितलंच नाही.

“असे अजून किती आहेत?”

“चारशे अकरा.”

“आणि तीन आठवडे तुम्ही नुसते बसून आहात? उठा. यादी आणा.”

हजेरीपट मास्तरांकडे होता. घरून तो घेऊन येईपर्यंत चार वाजले. लेकीने टेबल साफ केलं, एका टोकाला ती बसली, दुसऱ्या टोकाला हे. ती नंबर लावायची आणि फोन यांच्याकडे सरकवायची, त्याव्यतिरिक्त एक शब्द नाही. बहुतेक फोन बंद. बोटीवर गेलेल्या माणसाला भर समुद्रात कुठली रेंज? मास्तरांनी निरोप ठेवले, कोणाच्या आईला, कोणाच्या बायकोला. त्या बायका म्हणायच्या, हो सर, सांगते सर, काय म्हणालात, हुकाला? कसला हुक?

तेविसावा नंबर लागला. सुट्टीवर घरी आलेला एक उंच पोरगा, वर्गात त्याला सगळे लंबू म्हणायचे. आवाज ऐकून तो हरखलाच. मास्तरांनी त्याला बोलू दिलं नाही, घडाघडा सांगून टाकलं. व्हॉल्व हुकाला नाही, मास्कला. आधी मास्कला. कळलं? म्हणून दाखव!

लंबूने नीट म्हणून दाखवलं. मास्तरांचे डोळे भरून आले. “शाब्बास! एक तरी वाचला,” ते म्हणाले, आणि लेकीने लंबूच्या नावापुढे खूण करायला पेन उचललं.

पलीकडे लंबू जरा घुटमळला. “सर, पण एक भानगड आहे. आमच्या बोटीवर सराव मीच घेतो ना. तुमचीच पद्धत सुरू केली मी. बाटलीतली हवा वाया जात नाही म्हणून कॅप्टन खूश. दोन बोटी झाल्या, सर, चाळीस-पंचेचाळीस जणांना शिकवलं असेल. त्यांतले निम्मे आता कुठल्या कुठल्या बोटींवर गेलेत, आणि तिथे तेही सराव घेतात.”

मास्तरांची नजर यादीवर गेली. फोन कानालाच होता.

“खूण करू?” लेकीने विचारलं.