तात्यांच्या टाकीवरचं गेज

आमच्या गॅरेजात गाडी दुरुस्त व्हायला आठवडा लागायचा, किस्सा व्हायला पाच मिनिटं! चिंचवडला मुंबई रस्त्यावर पत्र्याची शेड, तिच्यात इब्राहिम उस्ताद आणि मी. मला चारचौघांत बोलायची लाज, त्यामुळे सगळे किस्से माझ्यापाशीच साठले. एकट्या ऑइल प्रेशर गेजचेच केवढे!

चिखलीच्या तात्यांनी लष्करी लिलावात मोटारसायकल घेतली होती. महायुद्धातली, आवाज तोफेचा. पण रहाटणीच्या त्यांच्या व्याह्यांकडे मोटार होती आणि मोटारीत तेलाचं प्रेशर दाखवणारं गेज. एक दिवस तात्या भंगारातल्या ट्रकचं तसलंच गेज घेऊन आले.

"ह्ये माज्या टाकीवर बसवा."

उस्तादांना ते लागलं. स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला, दुसरं कानाला लावून ते सगळं ओळखायचे. म्हणाले, "तेल फिरतंय का, ते माझा कान सांगतो."

"मंग कान द्या, त्योच बसवतो टाकीवर!"

उस्ताद माझ्याकडे वळले. "दत्तू, तू बसव. मी हात लावणार नाही."

उस्तादांच्या हाताशिवाय एक काम पुरं केलं, की ते त्या माणसाला मिस्त्री म्हणायचे. चार वर्षं मी 'ए दत्तू'च होतो. घरी साताऱ्याला मात्र पत्रांतून मी कधीच मिस्त्री झालो होतो! आणि रविवारी वडील गॅरेज बघायला येणार होते.

*

इंजिनपासून गेजपर्यंत तांब्याची नळी न्यायची होती. वाकवताना ती चेपू नये म्हणून मी तिच्यात पवना नदीची वाळू ठासून भरली. नळी झकास वाकली. जोडली, गाडी चालू केली, तर काटा हलेना!

"इंजिन मेलं का काय?" तात्या ओरडले.

"मेलेलं इंजिन एवढं बोंबलत नाही," उस्ताद म्हणाले.

मी नळी काढून जोरात फुंकली. वाळू काढायलाच विसरलो होतो! ती सगळी उस्तादांच्या बशीतल्या चहात.

त्यांनी बशीत पाहिलं. "गेज बरोबर आहे. नदीला पाणी कमी, वाळू जास्त!"

*

आमच्यात रिवाज असा, की ज्यानं काम केलं त्यानंच ट्रायलला मागं बसायचं. ब्रेकची कामं त्यामुळे फार मन लावून व्हायची!

तात्या पुढं, पांढरंशुभ्र धोतर; मी मागं. आकुर्डीच्या अलीकडेच नळीचा जोड सुटला, कारण वॉशर माझ्या खिशात होता. गरम तेलाची पिचकारी थेट तात्यांवर. परत आलो तेव्हा तात्या काळेकुट्ट, आणि त्यांच्या आडोशाला बसलेला मी अगदी स्वच्छ.

उस्तादांनी दोघांना न्याहाळलं. "तात्या, प्रेशर आहे. आता शंका नको!"

*

शनिवारी सगळं जमलं. काटा हलला, दहावर थांबला. उस्तादांनी दुरूनच मान डोलावली. या इंजिनला तेवढं पुष्कळ. पण गेज ट्रकचं, आकडे शंभरपर्यंत!

"शंभरात धा?" तात्या गरजले. "व्याह्याच्या म्होरं माजी गाडी नापास? न्हाई चालायचं! पस्तीस तरी पायजेत. उद्या सकाळी येतो, न्हाई जमलं तर काढून टाक!"

शाळेत मलाही शंभरात दहाच पडायचे. त्यांना ते सांगायची हिंमत झाली नाही.

उस्ताद नमाजाला गेले. मी गेजची काच काढली, काटा उपसला आणि पुन्हा बसवला. तात्यांना पाहिजे होता तिथं.

*

रविवारी सकाळी तात्या खुशीत गाडी घेऊन गेले. दुपारी वडील आले. शेडकडे, उस्तादांकडे, माझ्या काळ्या हातांकडे नुसते बघत राहिले. तेवढ्यात तोफेचा आवाज! तात्या रहाटणीहून थेट आमच्या दारात. गाडी बंद करून उतरले आणि टाकीकडे बोट दाखवून ओरडले,

"उस्ताद, व्याह्याची मोटार बंद केली की काटा शून्यावर! आन् आपली बघा. बंद हाय, मी खाली हाय, तरी पस्तीस! झोपेतसुद्धा पास! कुणाची करामत ही?"

मी जमिनीकडे पाहत होतो. उस्ताद उठले, वाकून गेजकडे पाहिलं. मग माझ्याकडे. वडील अजून उभेच होते.

"मिस्त्री," उस्ताद म्हणाले, "वडिलांना खुर्ची द्या."