वस्तीत लाईट आली का?

आमच्या यजमानांना एक खोड होती. तिन्हीसांजेला ट्यूबलाइट लावली की तिला हात जोडायचे. शारजात, अल मजाजच्या नवव्या मजल्यावर! खाली अख्खी खाडी दिव्यांनी झगमगतेय, आणि हा माणूस हॉलमधल्या ट्यूबलाइटला नमस्कार करतोय. लेक वैतागायची, "पप्पा, इट्स ओन्ली अ ट्यूबलाइट!" ते म्हणायचे, "अगं, आली ना? मग झालं." शेजारची केरळी बाई बघेल म्हणून मला आधी लाज वाटायची. पुढे मीही जोडायला लागले. संगतीचा गुण, दुसरं काय!

त्यांचं गाव चिपळूणकडचं. वर डोंगराच्या पोटात पॉवरहाऊस. सासरे त्या बोगद्याच्या कामावर मजुरीला होते. पाणी पडलं, वीज झाली, आणि तारा वाडीच्या डोक्यावरून सरळ मुंबईला गेल्या. खाली वाडीत वर्षानुवर्षं रॉकेलच्या चिमण्याच. सासूबाईंनी जन्मभर चिमणीच्या उजेडात भाकऱ्या थापल्या. "आई गेली आणि मग पोल आला," एवढंच ते सांगायचे, आणि विषय बदलायचे. त्यापुढे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही.

हमरिया फ्री झोनमधल्या एका फॅब्रिकेशनच्या कंपनीत ते फोरमन होते. टाक्या, पाइप, काय काय बनवायचे. माल बोटीवर चढला की खलास. कुठे बसवला, चालला की नाही, कुणी कळवायचं नाही. "आम्ही म्हणजे सुइणी," म्हणायचे, "पोर वाढतं दुसऱ्याच्याच घरी."

लेक नववीत होती त्या वर्षी एक ऑर्डर आली. हिंदी महासागरातल्या कुठल्याशा बेटावर छोटं जलविद्युत केंद्र होणार होतं. डोंगरावरून पाणी खाली आणायचे पाइप यांनी करायचे. पाइप कसले, आत माणूस उभा चालत जाईल एवढे! ज्या वाळूत प्यायचं पाणी टँकरने येतं तिथे बसून हे नदीसाठी पाइप करणार. मी हसले. ते हसले नाहीत. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. जेवताना पाइप, चहाला पाइप. बेटावर पाऊस किती, डोंगर केवढा, आणि मुख्य म्हणजे पॉवरहाऊसच्या खाली माणसं राहतात का. राहत होती. नारळीत लपलेली एक वस्ती होती, कंपनीत आलेल्या फोटोत घरांचे पत्रे दिसायचे.

मग यांना एकच ध्यास. त्या वस्तीला लाईट मिळणार ना? बेटावरचा इंजिनिअर माल बघायला आला तर यांनी त्यालाच गाठलं, "सर, नीचे का विलेज को लाईट मिलेगा ना?" तो म्हणाला, "इन्शाल्ला." हे खूश होऊन घरी आले. मी मनात म्हटलं, देवा! एवढी वर्षं इथे काढली, साहेबाचं इन्शाल्ला म्हणजे नुसतं 'बघू', हे या माणसाला कळू नये?

पाइप जोडायला स्वतः जायचं, हे त्यांनी कंपनीकडून कबूल करून घेतलं होतं. जन्मात एकदा आपलं काम चालताना बघायचं, आणि त्या वस्तीतला पहिला दिवा बघायचा. नवे बूटसुद्धा आणले. आणि खोकला सुरू झाला. धुळीचा असेल, एसीचा असेल म्हणत राहिलो. डॉक्टरांनी फुप्फुसाचा कॅन्सर सांगितला.

त्यांच्या जागी त्यांचा उजवा हात गेला. रत्नागिरीकडचा फिटर, यांना दादा म्हणायचा, मला भाभी, आणि मी त्याला भाई. निघायच्या आदल्या दिवशी भेटायला आला तेव्हा यांनी बूट त्याच्यापुढे ठेवले. "पाणी सुटलं की फोन कर," म्हणाले. "आणि वस्तीत लाईट आली का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ." भाईने बूट छातीशी धरले आणि तो यांच्याकडे न बघताच निघाला.

लेकीची परीक्षा झाली की सगळ्यांनी गावी जायचं ठरलं होतं. तोवर यांचा आवाज अगदी बसला. कुजबुजल्यासारखं बोलायचे. अशा एका शुक्रवारी दुपारी मी स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी पेज करत होते आणि फोन वाजला. तो त्यांच्या उशाशीच असायचा. मी हात पुसून येईपर्यंत त्यांनी रिसीव्हर कानाला लावलेला. डोळे मिटलेले. मग माझ्यापुढे धरला. "घे. पाणी ऐक."

भाईने तिकडून फोन पाइपला लावला होता. घुऽऽ असा एकच आवाज. अंगावर काटा आला. मग भाई बोलायला लागला तसं मीच विचारलं, "भाई, वस्तीत लाईट आली का?"

तो म्हणाला, "नाही भाभी. तारा वरूनच गेल्या. शहराला."

हे माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणतो?"

"आली म्हणतोय," मी म्हटलं. आणि थांबावं की नाही? छे! पुढे सुरूच. "एक म्हातारी आहे म्हणे तिथे. बटण सोडतच नाही. लावते, मालवते, लावते. आणि दर वेळी बल्बला हात जोडते."

बोलले आणि जीभ चावली. त्या बेटावर कोण बल्बला हात जोडतंय! पण ते हसले. खूप दिवसांनी हसले. खोकल्याची उबळ आली तरी हसत होते. "तिथलीही जोडतात का!" म्हणाले. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "तिला सांग, सारखी चालू-बंद करू नको. बिल येईल."

परीक्षेच्या आधीच ते गेले. मला मात्र एकच समाधान होतं. समाधानाने गेले, आपल्या खोट्याने का होईना.

दोनेक महिन्यांनी भाई परतला. दारात उभा राहून लहान मुलासारखा रडला. पायात तेच बूट होते. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि म्हातारीची सगळी गोष्ट सांगितली. म्हटलं, "भाई, मी खोटं बोलले. परत वेळ आली तर परत बोलेन."

त्याने पेला खाली ठेवला. "भाभी," म्हणाला, "लाईट नाही आली, हे दादांना मी आधीच सांगितलं होतं. फोन उचलल्या-उचलल्या त्यांनी पहिलं तेच विचारलं. पाण्याचं नंतर."

चहा ठेवते म्हणून मी आत गेले. अंधारून आलं होतं. बटण दाबलं, ट्यूबलाइट लुकलुकून लागली आणि सवयीने माझे हात जोडले गेले.

"अहो, सांगायचंत तरी!" मी त्या दिव्याला म्हटलं. "मी मेली, ती म्हातारी रचत बसले, आणि तुम्ही बिलाचं काय सांगत होतात?"