“आमचं न्हाई गं ते कुत्रं”

मंडळी, आज मान वर करायची सोय राहिली नाही.

बिबट्याच्या धाकानं आम्ही आमच्या कुत्र्याला, टायगरला, गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून राखणीला मोकळाच सोडतो. सकाळी तो शेजारच्या सुमनच्या पोटरीला चावला.

ती कळवळून म्हणाली, “आण्णा, तुमचाच ना? लस टोचलीय का त्याला?”

लस कुठली! केस होईल म्हणून मी हात झटकले, “आमचं न्हाई गं ते कुत्रं.”

तेवढ्यात टायगर शेपूट हलवत माझ्याच पायाशी येऊन बसला.

“बघा, त्यानं तरी वळखलं तुमाला,” सुमन म्हणाली.

मग मीच तिला घोडेगावला दवाखान्यात नेलं, डॉक्टरांना खरं सांगितलं. कायद्यानं जबाबदारी मालकाचीच, आणि मालक मीच.

टायगर आता साखळीला आहे. तुमचं कुत्रं उद्या कुणाला चावलं, तर “आमचंच हाय” म्हणाल ना?