वरच्या खोलीतला इंटरकॉम

आजवर हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळसुद्धा नाही. एकदोनदा अगदी ओठांवर आलं होतं — पण दर वेळी मी त्या घराचं वर्णन करण्यावर निभावून नेलं. वर्णन करणं सोपं होतं. काम खरंच सुंदर झालं होतं.

नव्वदच्या दशकातलं मधलं कुठलंसं वर्ष. चिकपेटेत वडिलांचं वायर-स्विचचं दुकान होतं, पण मला गल्ल्यावर बसायचं नव्हतं. जयनगरात एका साहेबांचा बंगला बांधला जात होता. सॉफ्टवेअरची कंपनी त्यांची. परदेशात पाहिलेलं सगळं त्यांना इथे हवं होतं. एका बटणावर पडदे सरकावेत, दिवे मंद व्हावेत, तळघरात सिनेमाची खोली, प्रत्येक खोलीत छतातून गाणं. बेंगळुरात तेव्हा असं काम करणारे होते तरी किती? ते मला मिळालं. गिलाव्याआधी भिंतींत पाइप टाकण्यापासून ते सगळ्या वायरी जिन्याखालच्या कपाटात आणेपर्यंत सहा-सात महिने मी त्या घरातच होतो.

सुधाक्का त्यांची पत्नी. काम पुरं व्हायच्या आधीच ते लोक तिथे राहायला आले होते. आमच्यासारखीच इथली पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी. साहेब कन्नड. घरात मराठी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मी दिसलो की तिला बरं वाटायचं. स्वल्प कॉफी घ्या अण्णा, म्हणून बसवून घ्यायची. लग्नाआधी ती शाळेत शिकवायची, ते साहेबांनी सोडायला लावलं होतं. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही, आठ वर्षांच्या मुलीची वेणी घालता घालता बोलून गेली. साहेब आले की मात्र ती गप्प व्हायची. हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं.

प्रत्येक खोलीत मी इंटरकॉम बसवला होता. एका खोलीत बसून दुसरीतलं ऐकता यायचं — आजारी माणूस असेल, लहान मूल निजलं असेल, त्यासाठी. कुणी ऐकत असलं की त्या खोलीतल्या डब्यावर लाल दिवा लागायचा.

काम संपत आलं तेव्हा एका दुपारी साहेब माझ्याजवळ आले. वरच्या खोलीतला तो दिवा लागणार नाही असं करता येईल का, म्हणाले. वरची खोली सुधाक्काची. तिथे ती वाचायची, बहिणीशी फोनवर बोलायची. मी कारण विचारलं नाही. विचारायची गरज होती का? मग ते म्हणाले, रविवारी दोन मित्र घर बघायला येणार आहेत, त्यांनाही असंच करून हवंय.

मी म्हटलं, सरी सर, करतो.

स्टुलावर चढलो, डबा उघडला, एक बारीक वायर कापली. झाकण लावत होतो तेवढ्यात ती दारात येऊन उभी राहिली.

"अण्णा, दिवा लागलेला नसला म्हणजे कुणी ऐकत नाही ना?"

सहज विचारलं असेल? की काही जाणवलं होतं तिला? माझ्या हातात पक्कड होती. त्या क्षणी नुसतं गप्प बसलो असतो, तरी ती समजली असती.

"नाही अक्का," मी म्हणालो. "दिवा नाही तर आवाज नाही. निर्धास्त राहा."

निर्धास्त राहा — हे मला साहेबांनी सांगितलं नव्हतं. ते माझं स्वतःचं.

तीनेक महिन्यांनी पडदे अडकतात म्हणून बोलावणं आलं. तळघरात मी मोटर उघडून बसलो होतो आणि साहेब मजेत सांगत होते. बायकोने येलहंकाच्या एका शाळेत नोकरी मिळवली होती, राहायच्या जागेसकट. सोमवारी मुलीला घेऊन निघणार होती. ती बहिणीशी फोनवर बोलत असताना त्यांनी इंटरकॉमवरून सगळं ऐकलं. शनिवारीच मुलीला हासनला आपल्या आईकडे नेऊन ठेवलं, तिथल्याच शाळेत घातलं. आता ही कुठे जाते? गेली तर मुलगी दिसणार नाही, हे तिला स्पष्ट सांगितलंय.

"काम चोख केलंस," ते म्हणाले.

मी मोटरचे स्क्रू आवळत राहिलो. मित्रांच्या दोन्ही घरांचं काम तोवर मला मिळालं होतं.

निघताना सुधाक्का व्हरांड्यात बसलेली दिसली. समोर मुलीचे कपडे होते — पाठवायचे म्हणून घड्या घालत होती. मान वर न करता तिने विचारलं,

"दिवा नसतानाही तो डबा ऐकतो, हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

दुसऱ्यांदा विचारत होती ती. घरात त्या वेळी आणखी कुणी नव्हतं, साहेबांची गाडी नुकतीच फाटकाबाहेर पडली होती. भ्यायचं तरी कुणाला?

"नाही अक्का," मी म्हणालो. "मला कसं ठाऊक असणार?"

तिने माझ्याकडे पाहिलं. आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मनात शंका आली, रागावू नका, म्हणाली.

मी तिला म्हटलं, रागावलो नाही.